अन्योक्तीबाहेरचा वाघ

मराठी समीक्षेला बोलणारा प्राणी भेटला की ती तत्काळ त्याची कातडी सोलून आत माणूस शोधू लागते. कोल्हा म्हणजे धूर्त अमात्य, सिंह म्हणजे सत्ता, गाढव म्हणजे राबणारी रयत. पंचतंत्रापासून चालत आलेली ही किल्ली आता इतकी झिजली आहे की ती कोणत्याही कुलपात फिरते. कुलूप मात्र उघडत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मधील वानरांचे हेच झाले. लेखकाने टोळीतील वर्तन बारकाईने टिपले होते. आम्ही शीर्षकाचा आधार घेऊन त्या वानरांना राजकारणी ठरवले आणि मोकळे झालो.

या सवयीची परीक्षा पाहणारे एक पुस्तक २०२१ साली पेंग्विनने प्रसिद्ध केले : ‘ग्रीन ह्यूमर फॉर अ ग्रेइंग प्लॅनेट’. कर्ते रोहन चक्रवर्ती हे नागपूरचे, शिक्षणाने दंतवैद्य. नागझिऱ्याच्या पाणवठ्यावर डुंबणारी वाघीण पाहून ते या वाटेला लागले. वृत्तपत्रांतून गाजलेल्या त्यांच्या हास्यचित्रमालिकांतील प्राणी अखंड बोलतात. अशा ग्रंथासाठी आमच्याकडे दोन खण तयार असतात : बालसाहित्य आणि पर्यावरण-प्रबोधन. दोन्ही खणांचा उपयोग एकच, तो म्हणजे वाचनाचे कष्ट टाळणे.

वस्तुतः येथे अन्योक्तीची व्यवस्थाच उलटली आहे. अन्योक्तीत वाच्यार्थ ही पायरी असते, ती ओलांडूनच पुढे जायचे. या मालिकांत वाच्यार्थ हेच मुक्कामाचे ठिकाण आहे. धनेशाची मादी विणीच्या काळात ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला फटीतून भरवतो, अशा जातीच्या वस्तुस्थितीतून जो विनोद निघतो, त्यातील पक्षी काढून तेथे माणूस बसवला की विनोद कोसळतो. आमच्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध बोलता प्राणी पैठणचा रेडा. तो बोलला ते वेद. स्वतःच्या पाठीवरच्या आसुडाविषयी त्याला कोणी विचारले नाही. (त्या आसुडाचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, असे आख्यायिका सांगते; म्हणजे वेदनेलाही अखेर माणसाचेच शरीर लागले.) त्या रेड्याच्या तुलनेत चक्रवर्तींचा प्राणी स्वतःच्या अधिवासाविषयी बोलतो, हा फरक काव्यशास्त्रीय आहे, प्रबोधनाचा नव्हे.

भाषा इंग्रजी, सबब विषय आपला नव्हे, असे म्हणणारे देशीवादी येथे पुढे येतील. त्यांना एवढेच विचारावे की, भूमीला देशी मानायचे आणि तिच्यावर चालणाऱ्या वाघाला परका, हा कोणता न्याय?

येथवर वकिली झाली. तक्रार त्याहून गंभीर आहे. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात राळेगावच्या परिसरात टी-१ वाघीण गोळी घालून मारली गेली. टी-१ हा वनखात्याचा क्रमांक; ‘अवनी’ हे नाव प्राणिप्रेमींच्या तोंडी रूढ झाले. तिच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू नोंदले गेले होते. त्या तेरांपैकी एकाचे तरी नाव ‘अवनी’इतके कोणाच्या तोंडी बसले काय? वाघाला वाणी देताना त्या वाणीचा वाटा कोठून काढला जातो, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही. चित्रमालिकेतील वाघ इंग्रजी दैनिकाच्या वाचकाशी बोलतो. यवतमाळलगतच्या लोहाऱ्यात चहाच्या टपरीवर हातोहात फिरणारे दैनिक मराठी असते. वाघाचा शेजारी आणि वाघाचा श्रोता हे असे दोन वेगळे वर्ग झाले आहेत, आणि विनोदाची सगळी सहजता या विभाजनावर उभी आहे. चित्रकाराचा यात दोष किती, हे मी ठरवू इच्छित नाही. मराठी वृत्तपत्रांचा नक्कीच आहे : १९९१ पासून ‘सकाळ’मधील ‘चिंटू’ने चित्रमालिकेला घरोघरी नेले, पण ते घर शहरी मध्यमवर्गाचेच राहिले.

नुसत्या भाषांतरानेही हे भागणार नाही. पुणेरी प्रमाण मराठीत डरकाळी फोडणारा वाघ लोहाऱ्याला तितकाच उपरा वाटेल. तो वऱ्हाडीत बोलला तर? तर कापूस वेचायला निघालेली बाई त्याला त्याच बोलीत उत्तर देईल, आणि चौकटीत दुसरा फुगा काढावा लागेल. त्या दुसऱ्या फुग्यासाठी चित्रात जागा कशी करायची, एवढा प्रश्न जरी आमच्या समीक्षेने चित्रकारापुढे ठेवला तरी तिने हे पुस्तक वाचले, असे मी मानीन.