बोट नेमकी कुठं आहे, सांगेल का कुणी?

पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडं कोयना विरुद्ध अलमट्टी हा सामना सुरू होतो. किती सोडलं, कुणी अडवलं, फुगवटा कुठवर आला. चालू द्या, तोही प्रश्न आहेच. पण पाणी गावात शिरल्यावर काय, यावर कुणी बोलत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

ऑगस्ट 2019 आठवा. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 च्या वर. वीज गेली, मोबाइलचे मनोरे बंद पडले. आता आपली पत्ता सांगायची रीत बघा: वडाच्या अलीकडं, सोसायटीच्या मागं, कमानीतून आत. पुरात वड, सोसायटी आणि कमान तिन्ही पाण्यात! त्यात बोट बाहेरून आलेली, चालवणाराही बाहेरचा. त्याला काय कळणार, आणि नियंत्रण कक्षात बसलेल्याला तरी काय दिसणार?

हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम लोकांनी, यावर उपाय कधीच काढलाय. एपीआरएस म्हणतात त्याला. अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या बॉब ब्रुनिंगा यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तो रूढ केला. बोटीवरचा जीपीएस अक्षांश-रेखांश देतो. छोटा मोडेम त्या आकड्यांचा आवाज करतो, जुन्या फॅक्ससारखा चर्रर्र, आणि वॉकीटॉकी तो सेकंदा-दीड सेकंदात हवेत सोडते. सोबत स्वतःची खूण, वेग, दिशा आणि चार शब्दांचा निरोप. डोंगरावरचा रिपीटर तो ऐकून पुन्हा बोलतो. कक्षातल्या लॅपटॉपवर सगळ्या बोटी एकाच नकाशावर! ना सिमकार्ड, ना इंटरनेट. हीच पद्धत आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही 145.825 मेगाहर्ट्झवर चालते. अवकाशात जमतं, दंडोबावर का जमू नये?

लगेच कुणीतरी लिहील, 'अहो, व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आहे की!' आहे ना. मनोरा उभा आणि चालू असेपर्यंत. जीपीएस म्हणजे इंटरनेट नव्हे. मनोरा बंद असला तरी आपण कुठं आहोत हे फोनला कळतं, पण ते दुसऱ्याला सांगता येत नाही. सॅटेलाइट फोनवर एकाशी एक बोलता येतं. वीस बोटींना 'कुठं आहात' विचारत बसलात तर दिवस जाईल. पोलिसांच्या वायरलेसवरही वेळ तोंडी विचारपूस करण्यातच जातो.

ब्रह्मनाळला 8 ऑगस्टला बोट उलटली. हे यंत्र असतं तर ती उलटली नसती, असं मी अजिबात म्हणत नाही. ती जादा माणसं भरल्यानं उलटली, आणि माणसं जादा भरली कारण दुसरी बोट कधी येईल याचा भरवसा नव्हता. दुसरी बोट कुठं आहे आणि किती वेळात पोचेल, हे सांगता आलं असतं तर? या प्रश्नाचं उत्तर कुणी द्यायचं?

खर्चाचं रडगाणं नको. एका बोटीचा संच बऱ्या स्मार्टफोनच्या किमतीत बसतो. एक रिपीटर दंडोबावर, एक सागरेश्वरच्या डोंगरावर, सोबत सौरपॅनेल आणि बॅटरी. कृष्णाकाठचा मोठा पट्टा त्यात येईल. अडचण आहे ती परवान्याची. केंद्राच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते, बारा वर्षांवरच्या कुणालाही देता येते. आपल्या पोरांना कॉलेजात ती द्यायला लावा. पूर आल्यावर परवाना मिळत नसतो! आणि हो, यातलं सगळं उघड असतं, कुणीही ऐकू शकतं. ज्यांना आपली बोट कुठं फिरली हे लपवायचंय, त्यांना ते आवडणार नाही.

2005, 2019, 2021. दरवेळी सांगलीतले पाहुणे माधवनगरला येतात, आपण भात-आमटीचे टोप चढवतो आणि पाणी उतरलं की विसरतो. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात हे रिपीटर घ्या, असा अर्ज ग्रामसभेत देतोय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी खाली नुसतं 'हो' लिहा. आक्षेप असेल तर तोही लिहा, पण 'व्हॉट्सॲप आहे की' सोडून.