परत न जाणाऱ्या निर्वासिताचं काय?

मागच्या बैठकीत एका पोरानं विचारलं, "बंगालचे निर्वासित आपले कोण लागतात? आपल्या झोपड्या पाडतात तेव्हा कोण येतं?" प्रश्न रास्त आहे. उत्तरही रोखठोक घ्या. १९४६ साली बाबासाहेबांची मुंबईतली वाट काँग्रेसनं अडवली, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालचे नामशूद्र उभे राहिले, म्हणून ते घटना समितीत गेले. पुढं फाळणी झाली. बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून आले. पाठीशी उभे राहिलेल्यांची गावं मात्र पाकिस्तानात गेली. मंडल तिथं कायदामंत्री झाले आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन इकडं आले, आपल्या माणसांसारखेच निर्वासित होऊन.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक आले तेव्हा जग धावलं. संयुक्त राष्ट्रांनी मदत गोळा केली. न्यूयॉर्कात गाण्याचा जलसा झाला. इथं टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लागलं, आपल्या आज्यांनीही ते चिकटवलं. पोरांच्या तोंडात दूध गेलं, त्याला आम्ही नावं ठेवत नाही. पण हे लोक परत जाणार होते. १९७२ च्या सुरुवातीला बहुतेक गेलेही.

जे आधीच आले होते आणि परत जाणार नव्हते, त्यांच्यासाठी ना जलसा ना तिकीट. १९५१ च्या निर्वासित करारावर भारतानं आजवर सही केलेली नाही. म्हणजे हा घरचा मामला. आणि घरच्या मामल्यात जात बोलते. भद्रलोकांनी कलकत्त्याच्या कडेनं जबरदखल कॉलन्या ठोकल्या, त्या पुढं कायम झाल्या. नामशूद्रांना दंडकारण्यात धाडलं. जमीन खडकाळ, आणि तीही आदिवासींची. लुटलेल्याच्या उरावर लुटलेला!

१९७८ मध्ये ते हजारोंनी उठले आणि सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर गेले. शाळा काढली, दवाखाना काढला, होड्या बांधल्या. कुणाकडं भीक मागितली नाही. विरोधात असताना ज्या डाव्यांनी त्यांची बाजू घेतली होती, त्यांच्याच सरकारनं जानेवारी १९७९ मध्ये पोलिसांच्या लाँची लावून बेटाचं अन्नपाणी तोडलं. गोळीबार झाला. मे महिन्यात झोपड्या जाळून बेट रिकामं केलं. मेलेले सरकारी हिशोबात बोटांवर मोजण्याइतके, जगलेल्यांच्या हिशोबात शेकडो. कॉम्रेड, जंगल राखीव होतं म्हणे!

२०१८ साली १८१ देशांनी निर्वासितांचा भार वाटून घ्यायच्या करारनाम्याला मत दिलं. बंधन कुणावरच नाही. २०१९ मध्ये इथं नागरिकत्वाच्या कायद्यात धर्माची चाळण लागली. नामशूद्रांना कागद मिळतील म्हणून आपल्यातले काही खूष झाले. त्याच चाळणीतून रोहिंग्या बाहेर पडला, हे त्यांना दिसलं नाही की बघायचंच नव्हतं? निर्वासितांचा कायदा मागायचा तर धर्म न विचारणारा मागायचा, आणि जमीन वाटताना कुणाच्या वाट्याला खडक येतो याची जातवार नोंदही मागायची. या मागणीचा मोर्चा काढायचा की नाही, ते पुढच्या बैठकीत ठरवू. तो पोरगाही येऊ दे.