कालव्याकाठची दोन रात्रींची वस्ती

या खेपेला हरभऱ्यावरील घाटेअळीबद्दल लिहायचे कबूल केले होते. ते पुढच्या अंकात नक्की. आज थोडे घरचे सांगतो, पण त्यात पाण्याची गोष्ट आहे.

आमची मुलगी हॉलंडात आइंडहोवनला नोकरी करते. दिवाळीच्या रजेत आम्ही उभयता तिच्याकडे पंधरा दिवस राहून आलो. त्यातल्या दोन रात्रींसाठी तिने ॲम्स्टरडॅम शहरात कालव्याकाठच्या एका जुन्या, मोठ्या डौलाच्या हॉटेलात आमची खोली घेतली. भाडे कळले तेव्हा मी गप्पच झालो. एकरभर सोयाबीन उभे करायला जो खर्च येतो, तेवढे एका रात्रीला! सौ. म्हणाली, "एवढ्यात आपल्या गोठ्यावर पत्रे पडले असते." लेक म्हणाली, "पैसे भरून झालेत बाबा. आता झोपा तरी नीट."

शहराभोवतीचे हे मोठे कालवे १६१३ पासून खणायला घेतले. काठाने व्यापाऱ्यांनी घरे बांधली, अंगाने अरुंद आणि उंच. जिना इतका उभा की माळ्यावर चढल्यासारखे वाटते. सामान जिन्याने न्यायची सोयच नाही, म्हणून प्रत्येक घराच्या शेंड्याला एक तुळई बाहेर काढून तिला आकडा लावलेला असतो. दोर टाकायचा आणि कपाट खिडकीतून आत ओढायचे. २०१० साली युनेस्कोने हा सारा भाग जागतिक वारशात घेतला. आमचे हॉटेल म्हणजे अशीच शेजारशेजारची जुनी घरे आतून जोडलेली. छताला जुन्या तुळया, पलंगावर पांढरीशुभ्र गादी, खिडकीखाली पाणी आणि पाण्यावर पिवळी पाने. सकाळी न्याहारीला चीज, पाव, आणि पावावर चॉकलेटचे दाणे. सौ.ने पिशवीतून लसणाची चटणी काढली तेव्हा मी इकडेतिकडे पाहून घेतले, आणि मग मीही घेतली.

पहिल्याच रात्री तिने टेबलावर ठेवलेले सफरचंद आपोआप घरंगळत खिडकीशी गेले. परत ठेवले, परत गेले. खोलीची जमीनच कलती! सकाळी हॉटेलच्या व्यवस्थापकांना विचारले. साठीकडे झुकलेले गृहस्थ, हसून म्हणाले, "घर जुने आहे, पाय थोडे दुखतात."

पाय म्हणजे लाकडाचे खांब. ही जमीन मऊ, दलदलीची. म्हणून त्या काळी पाइनसारख्या झाडांचे वासे जहाजांनी आणून, खालच्या घट्ट वाळूचा थर लागेपर्यंत, सुमारे बारा मीटर खोल ठोकले आणि त्यांवर भिंती उभ्या केल्या. डॅम चौकातला राजवाडा अशा १३,६५९ खांबांवर उभा आहे. तीन-चारशे वर्षे लाकूड कुजले कसे नाही? मुरघास का टिकतो ते आठवा. दाबून हवा काढली की सडवणारी बुरशी वाढत नाही. खांबांची डोकी पाण्याखाली आहेत तोवर हवा लागत नाही. पाणी खाली गेले, डोकी उघडी पडली, की बुरशी लागते आणि घर कलते. म्हणून कालव्यांची पातळी ठरलेली असते, समुद्राच्या शून्य खुणेखाली सुमारे ४० सेंटिमीटर. वर गेली तर तळघरे बुडतात, खाली गेली तर पाया कुजतो.

ही पातळी राखते पाणी मंडळ. देशात अशी २१ मंडळे आहेत, आणि त्यांतल्या राइनलंड मंडळाची सनद १२५५ ची आहे. दर चार वर्षांनी निवडणूक होते, आणि घरवाला, जमीनवाला, सगळे वेगळा पाणीकर भरतात. भांडणे नाहीत असे समजू नका. गायरानाच्या शेतकऱ्याला पाणी खाली हवे असते, नाहीतर गाई आणि ट्रॅक्टर चिखलात रुततात. पण पाणी उतरवले की तिथली पीट माती सुकून दबते आणि आजूबाजूच्या घरांचे खांब उघडे पडतात. हा तंटा अजून चालूच आहे. पण पातळी किती ठेवायची ते बसून, लिहून ठरते आणि मग सर्वांना बांधते.

दुसऱ्या रात्री त्या मऊ गादीवर मला झोप लागली नाही. माझ्या हद्दीतले एक गाव डोळ्यांसमोर येत राहिले. २००५ च्या कायद्याखाली तिथे पाणी वापर संस्था उभी राहिली तेव्हा हार घालून फोटो काढणाऱ्यांत मीही होतो. पाणी टेलपर्यंत येणार या भरवशावर चारीच्या शेवटच्या शेतकऱ्याला मोसंबी लावा असे मीच सांगितले. दोनशे झाडे लागली. तीन वर्षांत वरच्यांनी दारे मोडली आणि रात्री पाणी वळवले. संस्थेची बैठक होईना. चौथ्या उन्हाळ्यात त्यांनी झाडे तोडली. मला एक शब्द बोलले नाहीत, उलट चहा पाजला. आपल्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाटकरी आणि जागल्या पिढ्यान् पिढ्या पाणी वाटत आले, हे मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. त्या गावात मात्र मला एक जागल्याही नेमून घेता आला नाही.

आल्यावर मी त्यांच्या शेतावर गेलो आणि घरंगळणाऱ्या सफरचंदाची हकिकत सांगितली. ते ऐकत होते. मग म्हणाले, "साहेब, तिथं शेवटच्याला पाणी पोचतं का?"

मी म्हणालो, "दादा, तिथं पाणी द्यायचं कमी, काढायचंच जास्त असतं."

"म्हणजे वाटणीचं भांडण तेच. फक्त उलटं."

रब्बीचे पहिले आवर्तन सुटायच्या आत संस्थेची बैठक घ्यायची ठरली आहे. दर वेळी ती वरच्या अंगाला देवळात होते. या वेळी टेलला, त्यांच्या बांधावर. वरच्या सात जणांना मी स्वतः जाऊन निरोप दिले. तिघे येतो म्हणाले आहेत.