फोडणीचा वास नको होतो तेव्हा

मैत्रिणींनो, घरात कुणाची केमोथेरपी सुरू झाली की आपल्याला पहिली काळजी कसली? पोटात चार घास जायला हवेत! मग आपण मुद्दाम त्यांच्या आवडीचं करायला घेतो. केमोच्या दिवशी नेमकं हेच करू नका. पोटात ढवळत असताना जे खाल्लं, त्याचीच पुढे शिसारी बसते. अमेरिकेत १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, औषधाआधी वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम खाल्लेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी नंतर ते नको म्हटलं. तेव्हा पुरणपोळी राहू द्या. त्या दिवशी मऊ भात नाहीतर इडली पुरे.

वासानं मळमळ वाढते. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावा, खिडकी उघडा. ताज्या अन्नाची वाफ जाऊ द्या, मग वाढा. कोमट अन्नाला वास कमी येतो. रिकाम्या पोटीही मळमळतं, म्हणून दर दोन-तीन तासांनी वाटीभरच द्या. सकाळी उठल्याबरोबर कोरडा टोस्ट, खाकरा किंवा मूठभर लाह्या. पाणी, सरबत जेवताना नको, मधल्या वेळात घोटघोट घ्यावं. जेवल्यावर तासभर बसून राहावं. तोंडाला धातूसारखी चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी चमचा द्या.

तळहाताच्या बाजूनं, मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधे अंगठ्यानं दोन-तीन मिनिटं दाबून बघा. काहींना बरं वाटतं. कुणाला तर हॉस्पिटलचा जिना दिसताच उमासे येतात. हे नाटक नव्हे, बरं का! सावकाश श्वास घ्यायला सांगा, आवडतं गाणं लावा.

हे सारं डॉक्टरांच्या गोळ्यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे. उलटी झाली नाही तरी गोळी वेळेवरच द्या. दिवसभर उलट्या थांबत नसतील, पाणीही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर डॉक्टरांना कळवा. ताप १००.४ झाला तर मध्यरात्र असली तरी थांबू नका.

'एवढं तरी खा ना' म्हणून मागे लागू नका. ताट परत आलं म्हणजे तुमची माया परत आली असं नाही.

आणि केमो तुमचीच चालू असेल तर? मग गॅसपाशी उभ्या राहूच नका. कुकर लावायला यजमानांना आणि मुलांना एका दिवसात शिकवता येतं. पहिल्या दिवशी भात करपेल. करपू दे!