जुनी उंची मोटार घेतांना

सोनें घेतलें तर तें तिजोरींत पडून राहतें आणि पुष्कळदां घेतल्या किमतीहून अधिक मोलाचें होतें. मोटार घेतली तर ती दुकानाबाहेर पडल्या दिवसापासून उतरूं लागते. मोटार जितकी उंची, तितकी तिची उतरण मोठी. नवी गाडी घेणाऱ्यास ही गोष्ट दुःखाची. परंतु जुनी घेऊं इच्छिणाऱ्यास तीच संधि वाटते. आमच्या पुतण्यास ती तशी वाटली, आणि एकत्र कुटुंबाच्या रीतीप्रमाणें त्याचा प्रश्न साऱ्या घराचा प्रश्न झाला. गेले चार महिने त्या निमित्तानें आम्हीं जें पाहिलें, विचारलें आणि शिकलों, तें वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहों.

पुतण्याचें मन बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या 'एम ३४० आय' या गाडीवर बसलें होतें. ही गाडी मार्च २०२१ मध्यें भारतांत आली, तेव्हां तिची शोरूममधील किंमत ६२ लाख ९० हजार रुपये होती. तीन लिटरचें सहा सिलिंडरांचें पेट्रोल एंजिन, ३८७ अश्वशक्ति, आणि उभ्या जागेवरून ताशीं १०० किलोमीटरचा वेग ४.४ सेकंदांत. जुळणी चेन्नईच्या कारखान्यांत झालेली. बाहेरून पाहणाऱ्यास ती एक सभ्य, चारचौघांसारखी गाडी वाटते. तिचें सामर्थ्य आंत दडलेलें असतें. पुतण्या आम्हांस म्हणाला, "काका, नवी घेण्याची आपली ऐपत नाहीं हें मला कळतें. पण तीन-चार वर्षें वापरलेली तीच गाडी आज आपल्या आवांक्यांत येते. मग तेवढ्याच पैशांत नवी साधी गाडी घेण्यापेक्षां ही कां घेऊं नये?"

प्रश्न रास्त होता, आणि 'नको' एवढेंच उत्तर देऊन तो मिटणारा नव्हता. चांगल्या यंत्राची आवड हें कांहीं व्यसन नव्हे. परंतु अशा गाडीची किंमत कां उतरते हें आधीं समजून घेतलें पाहिजे. कंपनीच्या हमीचा काळ संपत आलेला असतो, नवा नमुना बाजारांत आलेला असतो, आणि मुख्य म्हणजे दुरुस्तीच्या खर्चाचें भय घेणाऱ्यांच्या मनांत असतें. हें भय खोटें नाहीं. साठ लाखांची गाडी निम्म्या किमतीस मिळाली म्हणून तिचा ब्रेक निम्म्या किमतीचा होत नाहीं. सुटा भाग मागावयास गेल्यावर दुकानदार 'तुम्हीं गाडी कितीस घेतली' हें विचारीत नाहीं. गाडीची किंमत उतरते, पोसण्याचा खर्च उतरत नाहीं. उलट गाडीच्या वयाबरोबर तो वाढतो. हा सारा विषय या एका वाक्यांत आहे.

हा खर्च कोठें होतो तें पाहूं. वेगवान गाड्यांचे पुढचे टायर अरुंद व मागचे रुंद असे पुष्कळदां असतात. त्यामुळें साध्या गाडीप्रमाणें पुढचे मागें व मागचे पुढें करून त्यांचें आयुष्य वाढवितां येत नाहीं. अनेक गाड्यांत स्टेपनी नसते. तिच्याऐवजीं हवा गेल्यावरही कांहीं अंतर धांवणारे 'रन-फ्लॅट' टायर असतात, आणि ते महाग पडतात. ब्रेकच्या डिस्क मोठ्या व जाड असतात. त्यांच्यावर कमींत कमी जाडीचा आंकडा कोरलेला असतो, आणि तेथवर झिजल्या कीं त्या बदलाव्याच लागतात. शॉक-ॲब्सॉर्बर विजेवर चालणारे असले, किंवा स्प्रिंगच्या जागीं हवेच्या पिशव्या असल्या, तर एक पिशवी फुटतांच गाडी त्या अंगानें खालीं बसते. कित्येक गाड्यांत साधी बॅटरी बदलली तरी तें गाडीच्या संगणकास कळवावें लागतें. यांतील एकही बिघाड असाधारण नाहीं. केवळ वयोमानानें यावयाचे ते हे खर्च आहेत.

याखेरीज एकेका एंजिनाचा म्हणून एकेक रोग असतो. २००५ ते २०१० या काळांतील बी. एम. डब्ल्यू. एम ५ ही दहा सिलिंडरांची, ५०७ अश्वशक्तीची गाडी रसिकांच्या कौतुकाची. पण तिच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगा झिजतात, आणि वेळेवर बदलल्या नाहींत तर एंजिनच जातें. १९९७ ते २००८ या काळांतील अनेक पोर्शे गाड्यांत एंजिनांतील मधल्या शाफ्टची बेअरिंग निकामी होण्याचा दोष जगभर माहीत आहे. बी. एम. डब्ल्यू.च्याच २००७ नंतरच्या कांहीं वर्षांतील दोन लिटरच्या डिझेल एंजिनांत टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूस बसविलेली आहे. ती खराब झाल्यास तेथवर पोंचण्याकरितां केवढी उलथापालथ करावी लागत असेल याची वाचकांनींच कल्पना करावी. यावरून बोध असा कीं, 'अमुक कंपनीची गाडी चांगली' या बोलण्यास अर्थ नाहीं. कोणतें एंजिन, कोणत्या सालचें, आणि त्याचा ठाऊक असलेला दोष पूर्वीच्या मालकानें निवारला आहे काय, असें विचारावें; आणि निवारला असल्यास पावती पाहावी.

पावती हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतों. गाडी पाहण्यापूर्वी तिचे कागद पाहावे असें आमचें अनुभवाअंतीं मत झालें आहे. आर. सी. पुस्तकांतील चॅसिस क्रमांक गाडीवरील क्रमांकाशीं अक्षरशः ताडून पाहावा. मालक कितवा, गाडीवर कर्जाचा बोजा आहे काय, विम्याचे दावे किती झाले, हें विचारावें. कंपनीच्या वर्कशॉपांत चॅसिस क्रमांकावरून मागील सर्व्हिसिंगच्या नोंदी निघूं शकतात. त्यांतील किलोमीटरचे आंकडे चढत आले आहेत ना, हें पाहिलें म्हणजे मीटर मागें फिरविल्याची लबाडी बहुधा उघडी पडते. वेगवान गाड्यांच्या बाबतींत आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: एंजिनाच्या संगणकांतील आज्ञा बदलून शक्ति वाढविली होती काय? असें करणारे हौशी तरुण गाडी विकण्यापूर्वी ती मूळ स्थितीस आणतात. पण मध्यंतरीं एंजिनास व गिअरबॉक्सास जो ताण सोसावा लागला, तो परत घेतां येत नाहीं.

दिल्लीकडून येणाऱ्या गाड्यांविषयीं दोन शब्द. २०१४-१५ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें आणि २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तेथील दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध घातले, तेव्हांपासून तेथल्या उंची गाड्या स्वस्तांत बाहेर पडूं लागल्या. त्या स्वस्त दिसतात. परंतु तेथील ना-हरकत दाखला, येथील रस्ता-कर आणि नवी नोंदणी हीं सर्व जमेस धरल्यावर त्या तितक्या स्वस्त राहत नाहींत.

आतां आम्हांस आलेला अनुभव सांगतों. पहिली गाडी आम्हीं एका व्यापाऱ्याकडे पाहिली. ती दुसऱ्याच एका कंपनीची होती; तिचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. रंग पांढरा शुभ्र, मीटरवर २८ हजार किलोमीटर, आंतील कातडें नव्यासारखें. पुतण्याचा चेहरा खुलला. आम्हीं बॉनेटवर हात ठेवला, तों तें गरम लागलें. गाडी पाहावयास येतों असें आधीं कळविलेलें असतां एंजिन तापवून ठेवणें हें शुभचिन्ह नव्हे. थंड एंजिन सुरू करतांना जो खडखडाट किंवा निळा धूर दिसावयाचा, तो तापलेल्या एंजिनांत लपतो. मग पुतण्यानें सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. अगदीं टोंकाशीं, जो भाग एरव्हीं कधींच बाहेर येत नाहीं तेथें, तपकिरी रंगाची एक सरळ रेघ होती. डिकींतील गालिचा उचलला. खालीं बारीक वाळलेला गाळ. सीटखालचे बोल्ट गंजलेले. गाडी पुरांत उभी राहिली होती.

२६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि डिसेंबर २०१५ मध्यें चेन्नई बुडाली. अशा प्रत्येक संकटानंतर धुऊन-पुसून निघालेल्या गाड्या बाजारांत येतात. उंची गाडींत विजेचीं यंत्रें ठिकठिकाणीं, कित्येकदां सीटखालीं व गालिच्याखालींही बसविलेलीं असतात. पाणी वाळतें, पण तारांच्या जोडांवरील गंज महिन्यांमागून महिने आपलें काम करीत राहतो. विक्रेत्यास विचारलें तेव्हां तो म्हणाला, "पावसाळ्यांत थोडें पाणी गेलें असेल, साहेब." पुतण्या घरीं येईपर्यंत एक शब्दही बोलला नाहीं.

दुसरी गाडी मात्र त्याच्या मनांतलीच होती आणि एका गृहस्थांच्या दारांतली होती. मीटरवर ६१ हजार किलोमीटर. किंमत व्यापाऱ्याच्या गाडीहून दोन लाखांनीं अधिक. परंतु त्यांनीं एक जाडजूड फाईल आमच्यापुढें ठेवली. प्रत्येक वर्षीचें ऑईल, दोन वर्षांनीं ब्रेकचें ऑईल, प्रत्येक पावती तारखेनिशीं. चारही टायर एकाच कंपनीचे. त्यांवरील चार आंकड्यांपैकीं पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन साल दाखवितात, त्यावरून ते एकाच वेळीं घेतलेले होते हें कळलें. चार चाकांस चार तऱ्हेचे स्वस्त टायर असले, कीं मालकानें इतरत्रही हात आखडता घेतला असें समजावें. आम्हीं पैसे भरून ती गाडी एका तज्ज्ञ कारागिराकडून लिफ्टवर चढवून व संगणक जोडून तपासविली. रंगाची जाडी मोजण्याचें लहानसें यंत्र त्यानें सर्व पत्र्यांवर लावलें. मूळ रंग बहुधा १०० ते १५० मायक्रॉन असतो, आणि लांबी भरून पुन्हां रंगविलेल्या जागीं हा आंकडा अनेक पटींनीं वाढतो. एका दरवाजाखेरीज सर्व पत्रा मूळचा निघाला, आणि त्या दरवाजाची हकीकत मालकांनीं न विचारतां सांगितली होती. कारागिराचा निर्णय असा: गाडी उत्तम, मागचे दोन टायर सहा महिन्यांत बदलावे लागतील, ब्रेकचें काम वर्षाच्या आंत निघेल.

रात्रीं घरांत बैठक बसली. पुतण्यानें हिशेब मांडला: त्याची स्वतःची बचत आणि घरच्या सामाईक खात्यांतील रक्कम मिळून बरोबर गाडीची किंमत होत होती. थोरल्या वहिनींनीं, म्हणजे त्याच्या आईनें, सर्व ऐकून एवढेंच विचारलें, "घेतल्यानंतर वर्षाला किती लागतील, आणि ते कोठून आणणार?" त्याचें उत्तर कोणापाशींच नव्हतें. सामाईक खात्यांतली ती रक्कम धाकट्या भावाच्या मुलीच्या पुढील वर्षाच्या शिक्षणासाठीं राखलेली आहे, हेंही सर्वांस ठाऊक होतें. तिनें मात्र तोंडांतून शब्द काढला नाहीं, उलट "दादा, तूं घे, माझें पुढें पाहूं" असें म्हणाली. त्यानंतर पुतण्यानें आपण होऊन कागद मिटला.

या प्रसंगावरून आम्हीं एक नियम बांधला आहे. अशा गाडीसाठीं जी रक्कम जवळ असेल, तिच्यापैकीं फार तर तीन चतुर्थांश गाडीवर खर्चावी. उरलेली पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठीं वेगळी ठेवावी, आणि ती दुसऱ्या कोणाच्या वाट्याची नसावी. राखीव रक्कम उरत नसेल तर ती गाडी आपल्या ऐपतीबाहेरची समजावी, मग तिची किंमत कितीही उतरलेली असो.

व्यवहार ठरल्यास कायद्याकडे दुर्लक्ष करूं नये. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणें एकाच राज्यांतील विक्रीची सूचना विकणाऱ्यानें चौदा दिवसांत व घेणाऱ्यानें तीस दिवसांत नोंदणी कचेरीस द्यावयाची असते. त्यासाठीं २९ व ३० क्रमांकाचे फॉर्म, आणि कर्ज फिटलें असल्यास बोजा उतरविण्यासाठीं ३५ क्रमांकाचा. विमाही चौदा दिवसांत आपल्या नांवें करण्यासाठीं अर्ज करावा. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत जुन्या मालकाकडेच राहते, गाडीबरोबर येत नाहीं. विकणाऱ्यांनीं तर विशेष जपावें. गाडी हातोहात विकली गेली तरी कागदोपत्रीं ज्याचें नांव, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यांत २०१८ मध्यें दिला आहे.

त्या गृहस्थांची गाडी पुढील आठवड्यांत दुसऱ्या कोणी नेली. पुतण्यास वाईट वाटलें, आम्हांसही वाटलें. कारण तशी फाईल पुन्हां लवकर पाहावयास मिळेल असें नाहीं. त्यानें मात्र बँकेंत एक निराळें खातें उघडलें आहे आणि दरमहा त्यांत पैसे टाकतो. बहिणीची फी भरली गेल्यावर पुढील दिवाळीच्या सुमारास आम्ही दोघे पुन्हां गाड्या पाहावयास निघणार आहों.