नऊ ताटं आणि होडीतली दोन माणसं



उपवासकाळ जवळ आला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. यंदा काय सोडायचं? कुणी मटण सोडतं, कुणी चहा, कुणी मोबाईलवरच्या मालिका. हे सगळं चांगलंच आहे. पण यंदा मी सोडण्याबद्दल लिहिणार नाही. एका जेवणाबद्दल लिहिणार आहे. त्या जेवणात माझी चूक झाली, आणि ती माझ्या एकट्याची नाही, आपल्या सगळ्यांच्या सवयीची आहे असं मला वाटतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या पॅरिशमधले आम्ही नऊ जण बेळगावहून गोव्याला गेलो होतो. कुणी धर्मशिक्षण शिकवणारे, कुणी गायनवृंदातले. नाताळच्या धावपळीनंतर सेवकांनी एक दिवस विसावा घ्यावा, असं फादरांनी सुचवलं होतं. खर्चाचा हिशेब माझ्याकडे होता. पहाटे निघालो, चोर्ला घाट उतरलो आणि सकाळीच जुन्या गोव्यात पोहोचलो. बॉम जेजू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीसमोर गुडघे टेकले. संध्याकाळचा बेत मीच ठरवला होता. रायबंदरच्या धक्क्यावरून शिडाच्या बोटीनं मांडवीत फेरफटका मारायचा, दिवाडी बेटावर एका घरी सांगून ठेवलेलं जेवण जेवायचं आणि त्याच बोटीनं परत यायचं.

दिवाडीला जायला फेरीबोट आहे. पायी जाणाऱ्याला तिचं तिकीटही लागत नाही. पण शिडाच्या बोटीची मजा वेगळी. दुपारनंतर समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात. शाळेत भूगोलात शिकलेली ही गोष्ट मी त्या दिवशी प्रथमच अंगावर अनुभवली. तांडेलानं शीड सोडलं, वारं भरलं, वर भरतीचं पाणीही आत चाललेलं. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. डाव्या हाताला चोडण बेटाची खारफुटी, पाण्यावरून घराकडे परतणारे बगळे, आणि समोर दिवाडीच्या टेकडीवरचं दयेच्या मातेचं पांढरं चर्च. साडेसहाच्या पुढे सूर्य बुडाला तेव्हा आमच्यातल्या मुलींनी स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. मलाही वाटलं, देवाच्या इतकं जवळ आपण वर्षभरात आलो नव्हतो.

बोटीवर दोघे जण होते. तांडेल पन्नाशी उलटलेले, गोव्याचेच. मदतीला विशीतला एक मुलगा, ओडिशाचा. गोव्यातल्या मासेमारीच्या बोटींवर ओडिशा-झारखंडकडची पुष्कळ मुलं काम करतात, हाही त्यांतलाच. शीड ओढणं, दोर बांधणं, आम्हाला हात धरून उतरवणं, सगळं तोच करत होता. आम्ही त्याला "ए, जरा फोटो काढ रे" एवढंच म्हणालो. नाव विचारलं नाही.

बेटावरचं घर नदीपासून चार पावलांवर होतं. अंगणात लांब टेबल मांडलेलं, वर पिवळा दिवा. घरधनीण बाईंनी उकड्या तांदळाचा भात, माशांचं हुमण, तिसऱ्यांचं सुकं, सान्नां असं एकेक आणून ठेवलं. वासानंच भूक खवळली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, तसा मी उभा राहून प्रार्थना केली. चांगली लांब प्रार्थना केली. अन्नासाठी आभार मानले, रांधणाऱ्या हातांसाठी आशीर्वाद मागितला, आणि आपण बोटीनं आलो आहोत हे आठवून, जे पाण्यावर कष्ट करतात त्यांनाही, प्रभो, तू सांभाळ, असंही म्हणालो. सगळ्यांनी मनापासून आमेन म्हटलं.

आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत. सगळं पॅरिश त्यांना मावशी म्हणतं. आमेन झालं तरी मावशींनी ताटाला हात लावला नाही. मला म्हणाल्या, "अरे, पाण्यावरच्यांसाठी प्रार्थना केलीस ती छानच. पण ती दोघं कुठे जेवणार आहेत?"

मी म्हणालो, "मावशी, अहो, बोटीचं भाडं पूर्ण दिलंय. त्यांचं त्यात आलं."

मावशी म्हणाल्या, "मी पैशाचं नाही विचारत. जेवणाचं विचारतेय."

मी कागद काढला. खरंच काढला, कारण हिशेब बरोबर असल्याचा मला अभिमान होता. माणसं नऊ, ताटं नऊ. त्या कागदावर डिझेल होतं, घाटातला चहा होता, मेणबत्त्या होत्या. ज्यांच्या हाती आमचे जीव देऊन आम्ही नदी ओलांडली, ती दोन माणसं तेवढी नव्हती.

मावशी उठल्या, मीही मागोमाग गेलो. ती दोघं अंधारात होडीच्या काठावर बसली होती. आम्ही बोलावलं तर तांडेल संकोचून म्हणाले, "आमी हांगा बरे आसात, बाय." मावशींनी आग्रह धरला तेव्हा त्यांनी खरी अडचण सांगितली. ओहोटी लागली होती. पाणी उतरेल तशी होडी थोडी थोडी खोल पाण्याकडे ढकलत राहावी लागते, नाहीतर ती गाळात बसते आणि मग पुढची भरती येईपर्यंत हलत नाही. दोघांनी एकदम उठून येणं शक्यच नव्हतं. आम्ही जेवत असताना ते रिकामे बसलेले नव्हते, आमची परतीची वाट राखत होते. आणि मला वाटत होतं, ते नुसती आमची वाट पाहत बसले आहेत.

शेवटी असं ठरलं की आधी मुलगा येईल, तो परत गेला की तांडेल. घरधनीण बाईंनी एका शब्दानंही कुरकुर न करता दोन ताटं वाढवली. मुलगा आमच्या टेबलाच्या टोकाला बसला. पहिल्यांदा तो खाली मान घालून भराभर जेवत होता. मावशींनी गाव विचारलं, घरी कोण कोण आहे विचारलं. मग कळलं की त्याचं पोट सकाळच्या पावावर होतं. तांडेल आले तेव्हा आमची जेवणं आटोपली होती, पण कुणी उठलं नाही. त्यांनी नदीतल्या मातीच्या उंचवट्यांच्या जागा सांगितल्या, खाजनाच्या बांधांबद्दल सांगितलं, खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मानशीची दारं भरती-ओहोटीप्रमाणे कशी चालतात ते समजावलं. संध्याकाळभर आम्ही ज्या बेटाचे फोटो काढत होतो, ते बेट आम्हाला त्या अर्ध्या तासात कळलं.

निघायला उशीर झाला. जमिनीवरून वाहणारे मतलई वारे अजून नीट सुटले नव्हते, ओहोटीच्या ओढीनंच बोट हळूहळू रायबंदरकडे आली. घाटातून बेळगावला पोहोचायला मध्यरात्र उलटून गेली. आमच्यातले दोघे-तिघे नाराज झाले. एकानं गाडीत मला स्पष्टच सांगितलं, "हे सगळं ठीक आहे, पण प्रत्येक ठिकाणी असं करत बसलो तर सहली काढायच्याच कशाला?"

त्याला मी त्या रात्री उत्तर दिलं नाही. आज इथं देतो.

सकाळी ज्या संताच्या पायाशी आम्ही बसलो होतो, त्याच्या शेवटच्या दिवसांची गोष्ट आठवा. झेवियरला चीनमध्ये जायचं होतं. किनाऱ्याजवळच्या सांचियन नावाच्या लहानशा बेटावर तो थांबला. पैसे घेऊन त्याला गुपचूप पलीकडे पोहोचवण्याचं एका व्यापाऱ्यानं कबूल केलं होतं. तो व्यापारी आलाच नाही. होडीची वाट पाहता पाहता झेवियर तापानं आजारी पडला आणि १५५२ च्या डिसेंबरात एका झोपडीत त्यानं प्राण सोडला. उशाशी होता तो अंतोनियो नावाचा त्याचा चिनी सोबती. त्या अखेरच्या दिवसांची हकीकत जगाला कळली ती याच अंतोनियोमुळे. म्हणजे नेणारा माणूस आला नाही तर संतसुद्धा किनाऱ्यावरच राहतो. आमचे नेणारे आले होते, आणि आम्ही त्यांना किनाऱ्यावर सोडून जेवायला बसलो.

शुभवर्तमानातही पाहा. गालील सरोवराच्या काठी प्रभूनं लोकांना शिकवलं ते शिमोनाच्या होडीत बसून, आणि तो शिमोन रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हातानं परतलेला होता. पुनरुत्थानानंतर तेच मच्छीमार पुन्हा एकदा रात्रभर राबून थकून आले, तेव्हा प्रभू काठावर विस्तव पेटवून, मासे भाजून त्यांची वाट पाहत होता. योहानाच्या शुभवर्तमानातला हा २१ वा अध्याय आपण दरवर्षी पास्काकाळात ऐकतो. त्यात होडीवाले आधी जेवतात आणि वाढणारा स्वतः प्रभू असतो. आम्ही हा क्रम नेमका उलटा केला होता.

संत पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा ११ वा अध्यायही वाचून पाहा. तिथली श्रद्धावंत मंडळी प्रभुभोजनासाठी जमत होती, पण कुणी आधीच जेवून तृप्त होई आणि कुणी उपाशी राही. पौल त्यांना फार कडक शब्दांत सुनावतो आणि शेवटी एक साधी गोष्ट सांगतो, एकमेकांसाठी थांबा. त्या रात्री आम्हाला उशीर झाला, तो या थांबण्याचाच होता.

आणखी एक गोष्ट मनात आहे, ती जरा जपून लिहितो. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांपैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या पंगतीत जागा नव्हती. वाढलं जायचं ते दुरून, उरलंसुरलं. प्रभूच्या मेजावर सगळे एकत्र बसतात, हे त्यांना चर्चमध्ये प्रथम दिसलं, म्हणून ते आले आणि राहिले. दुसऱ्या बाजूनं पाहायचं तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही लक्ष्मीबाईंनी जेवणाखाण्याचा सोवळेपणा किती काळ सांभाळला आणि मग तो कसा सोडला, हे त्यांनी लपवून ठेवलेलं नाही. एका मेजाची किंमत आपल्या माणसांनी दोन्ही बाजूंनी मोजली आहे. त्यांचे वारस आपण. आज आपल्या लग्नात मांडव घालणारे, भांडी घासणाऱ्या बाया, पाहुण्यांच्या गाड्यांचे ड्रायव्हर कधी जेवतात, कुठे जेवतात? बहुतेक वेळा मागच्या दारी, सगळ्यांचं झाल्यावर, गार झालेलं. जात विचारत नाही आपण, हे खरं. पण जागा तीच ठेवली आहे.

यावर लोक म्हणतात, पैसे दिलेत ना? दिलेच पाहिजेत, पूर्ण आणि वेळेवर. जेवू घातलं म्हणून मजुरीतला एक रुपयाही कापायचा नाही. पण मजुरी ही कामाची असते, आणि पंगत माणसाची. दुसरं म्हणतात, त्यांनाच संकोच वाटतो. वाटत असेल. म्हणून ओढून आणून बसवायचं नाही, त्यांच्याबरोबर फोटो काढून सगळीकडे पाठवायचा तर मुळीच नाही. आधी विचारायचं. त्यांना वेगळं बसायचं असेल तर तसं, पण तेच जेवण, गरम, आणि त्यांच्या कामाच्या सोयीनं. तांडेलांना ओहोटीची काळजी होती, आम्हाला ती विचारल्यावरच कळली. न विचारता ठरवलं की चुकतं.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे, आणि ती मी आमच्या पॅरिश कौन्सिलपुढेही ठेवली आहे. यापुढे यात्रा असो, सण असो, रौप्यमहोत्सव असो, जेवणाची माणसं मोजताना पहिला आकडा नेणाऱ्यांचा, रांधणाऱ्यांचा आणि राबणाऱ्यांचा लिहायचा. पाहुणे त्याच्या खाली. खर्च थोडा वाढेल. तो वाढू नये असं वाटलं तर एक पदार्थ कमी करू. उपवासकाळात सोडायला तेवढं तरी आपल्याकडे नक्की आहे.

मी तो नऊ ताटांचा कागद फेकला नाही. प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला आहे. जेवणाआधी प्रार्थना म्हणताना आता डोळे मिटण्यापूर्वी एकदा आजूबाजूला पाहतो, कुणी बाहेर राहिलं नाही ना.

हे प्रभो, थकलेल्यांसाठी तू काठावर विस्तव पेटवलास. आमच्या घरचं मेज थोडं लांब कर, आणि थांबायला आम्हाला धीर दे. आमेन.