धूर आणि गोळीचा दिलासा

विडी-सिगारेट ओढणारे अनेक सुशिक्षित गृहस्थ अलीकडे स्वतःची समजूत घालतात : रोज आवळा खाल्ला, जीवनसत्त्वाची गोळी घेतली, की धुराचा हिशेब चुकता झाला. हा हिशेब खोटा आहे, असे आम्हांस स्पष्टपणे सांगावयाचे आहे.

तंबाखूचा धूर रक्तातील 'क' जीवनसत्त्वासारखी संरक्षक द्रव्ये, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, झपाट्याने संपवितो. त्याच वेळी उपकारक कोलेस्टेरॉल घटते आणि अपायकारक कोलेस्टेरॉल विकृत होऊन रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचते. मग ही तूट गोळ्यांनी भरून काढावी काय? फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तसा प्रयोग झाला. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही, उलट वाढला!

स्त्रियांच्या रक्तात उपकारक कोलेस्टेरॉल मुळात पुरुषांपेक्षा अधिक असते. सिगारेट हे नैसर्गिक कवचच दुबळे करते. शिवाय स्वतः न ओढणाऱ्या पत्नीला आणि मुलांनाही घरातला धूर सोडत नाही.

गोव्याने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध १९९७ सालीच कायदा केला. देशव्यापी कायदा २००३ साली आला. परंतु कायदा घराचा उंबरठा ओलांडत नाही. तेथे विवेकाचेच राज्य हवे. धूम्रपान सोडल्यावर काही आठवड्यांतच उपकारक कोलेस्टेरॉल वाढू लागते. असा गुण देणारे, तेही बिनपैशाचे, दुसरे औषध कोणते? ते घेण्यास मुहूर्त पाहू नये.